हुंड्यात मुंबई, हुंड्याबाहेर आम्ही

‘पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्रजांना आंदण दिले’ हे वाक्य शाळेत पाठ न केलेला मराठी माणूस विरळाच. मी मराठीची प्राध्यापिका. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु त्या वाक्यातला ‘आंदण’ हा शब्द मात्र माझ्या प्रांतातला आहे आणि तो मला कित्येक वर्षे खुपतो आहे. आंदण म्हणजे लेक सासरी निघाली की आईबापांनी मायेने तिच्याबरोबर धाडलेली वस्तू. एखादी दुभती गाय, तांब्यापितळेची भांडी, चार पातळे. ती कोणी मागत नाही, तिचा भाव ठरत नाही आणि ती लेकीचीच राहते. जे मागून, घासाघीस करून, कागदावर लिहून मुलाकडच्यांच्या पदरात पडते, त्याला आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे. तो कानाला तितकासा गोड लागत नाही, म्हणून पाठ्यपुस्तकाने टाळला असावा. मुंबई आंदण गेली नाही, वाचकहो, हुंड्यात गेली.

आणि गेली तीदेखील सगळी नव्हे! मी मुलुंडला राहते. आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘जरा मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात, आणि नव्याने राहायला आलेली बिऱ्हाडे त्यांना हसतात. हसण्याचे कारण नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली ही सारी साष्टीची गावे. सहासष्ट गावांची ती साष्टी, असे नावाचे मूळ सांगतात. मुंबई बेट निराळे, साष्टी निराळी, मधे खाडी. आमची गाडी कुर्ला सोडून पुढे निघाली की जे पहिले स्टेशन लागते त्याचे नावच मुळी शीव. शीव म्हणजे गावाची हद्द. हुंड्याची हद्द तिथवर होती. अलीकडचे आम्ही त्या लग्नात पोर्तुगिजांच्या माहेरीच राहिलो.

लग्न कोणाचे? नवरी मुलगी ब्रॅगान्झाच्या घराण्यातली कातारिना, इंग्रजीत कॅथरिन. जन्म २५ नोव्हेंबर १६३८. ती दोन वर्षांची असताना बाप पोर्तुगालचा राजा झाला. त्याआधी साठ वर्षे पोर्तुगाल स्पेनच्या ताब्यात होता. राज्य मिळाले, पण स्पेन काही गप्प बसला नाही. १६५६ साली बाप वारला. भाऊ गादीवर बसला, पण तो दुबळ्या बुद्धीचा, आणि कारभार आईच्या हाती. ही आई, लुईझा द गुझ्मान, मोठी खंबीर बाई; जन्माने स्पॅनिश, आणि हयात गेली स्पेनशी झुंजण्यात. १६५९ साली फ्रान्सने स्पेनशी तह करून पोर्तुगालला वाऱ्यावर सोडले. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या तरुण राजाचे लग्नही स्पेनच्या राजकन्येशी झाले, म्हणजे हाताशी असलेले एक उत्तम स्थळही गेले. इकडे हिंदुस्थानाच्या आणि सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर डच एकेक ठाणे गिळत होते. कोलंबो १६५६ मध्येच गेले होते. विधवा आई, दारात शत्रू, आणि घरात तेवीस वर्षांची लग्नाची मुलगी. त्या काळच्या राजघराण्यांत तेवीस म्हणजे मुलगी थोराड झाली. अशा वेळी आई काय करते, हे मुलुंडच्याच काय पण कुठल्याही गावच्या वाचकाला सांगायला नको.

स्थळ होते इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. बापाचे शिर प्रजेने उडवलेले, स्वतः परदेशांत वर्षानुवर्षे उसनवारीवर काढलेली, १६६० साली गादीवर परत आला तो कर्ज घेऊनच. दिसायला राजबिंडा, बोलायला गोड, आणि लौकिक म्हणाल तर, असो. पुढे येतेच आहे. लग्नाची बोलणी चालू असताना लिस्बनमधल्या इंग्रज वकिलाने कळवले की मुलगी अतिशय शांत स्वभावाची असून राजवाड्याबाहेर आयुष्यात दहा वेळासुद्धा पडली नसेल. यात त्याने गुण सांगितला होता, बरे का. लग्न मोडू पाहणारेही होते. स्पेनच्या वकिलाने मुलीला मूल होणार नाही अशी कंडी पिकवली आणि दुसऱ्या मुली सुचवल्या. मुलीच्या नावाने निनावी पत्र टाकणाऱ्या मंडळींचे गोत्र सगळीकडे एकच.

आमच्या आजेसासूबाईंच्या लग्नाची याद घरात जपून ठेवलेली आहे. चार कोपऱ्यांना कुंकू लावलेला जाड कागद. हुंडा इतका, करणी इतकी, मानपान, जाण्यायेण्याचा खर्च, कोणत्या विहिणीला कसले लुगडे. व्याही मंडळींच्या सह्या आहेत. मुलीचे नाव वर एकदाच आले आहे. २३ जून १६६१ रोजी लंडनला झालेल्या तहाची कलमे वाचताना मला त्या कागदाची आठवण होते. तो तहही यादच होता: रोख वीस लाख क्रुझाडो, आफ्रिकेच्या टोकावरचे टँजियर शहर, हिंदुस्थानातले मुंबईचे बंदर व बेट, ब्राझील आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलुखात इंग्रजांना व्यापाराची मुभा. मुलाकडून काय? स्पेनविरुद्ध सैन्य आणि लढाऊ जहाजे, राणीला स्वतःचा कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक, वर्षाला तीस हजार पौंडांची नेमणूक, आणि एका गुप्त कलमात डचांपासून पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या मुलुखाचे रक्षण. मुंबई इंग्लंडच्या राजाला व त्याच्या वारसांना कायमची. नवरीला नव्हे. म्हणून स्त्रीधन हा शब्दही इथे चालत नाही.

योगायोग असा की बरोबर तीनशे वर्षांनी, १९६१ साली, आपल्याकडे हुंडा प्रतिबंधक कायदा झाला.

मुलीबरोबर मुलूख देण्याची ही रीत काही लुईझाबाईंनी काढली नव्हती. युरोपातल्या मध्ययुगाचा निम्मा नकाशा लग्नमंडपांतच आखला गेला. अ‍ॅक्विटेनची एलिनॉर घ्या. तिचा मुलूख वारशाने तिचा स्वतःचा. ११३७ मध्ये ती फ्रान्सच्या राजाला दिली. ११५२ च्या मार्चात ते लग्न रद्द झाले आणि दोन महिन्यांच्या आत तिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी दुसरे लग्न लावले. बाईने नवरा बदलला तसा फ्रान्सचा नैऋत्येकडचा भलाथोरला तुकडा इंग्रजांच्या बाजूला गेला, आणि त्यातला काही भाग परत घ्यायला फ्रेंचांना तीनशे वर्षे लागली. पण मला सर्वांत जवळची वाटते ती डेन्मार्कची मार्गारेट. १४६९ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ती स्कॉटलंडच्या राजाला दिली. हुंडा ठरला साठ हजार फ्लोरिन. बापाजवळ रोकड नाही! म्हणून त्याने पन्नास हजारांपोटी ऑर्कनी बेटे गहाण टाकली. उरलेले दहा हजार रोख देतो म्हणाला. जमले दोनच हजार. मग राहिलेल्या आठ हजारांपोटी शेटलंड बेटेही गहाण. ते गहाण पुढे सुटलेच नाही. बेटे आजतागायत स्कॉटलंडकडे आहेत. मुलीच्या लग्नात घर गहाण पडले आणि परत मिळाले नाही, अशी उदाहरणे आपल्या कोकणात आणि देशावर कमी नाहीत. इथे दोन द्वीपसमूह पडले, इतकेच.

लुईझाबाईंचीही अखेर तीच गत झाली. १६६२ साली लॉर्ड सँडविच आरमार घेऊन नवरीला न्यायला लिस्बनला आला आणि त्याने ठरलेल्या रकमेचा पहिला अर्धा भाग मागितला. बाईंनी सांगितले की पैसा लढाईत खर्च झाला. आता अर्ध्याचाही अर्धा जमेल, आणि त्यातसुद्धा नाणी थोडी, बाकी साखर, मसाले आणि जवाहीर. व्याह्यांपुढे पदर पसरणारी राजमाता! सँडविच बिचारा काय करतो. साखरेची खोकी चढवून घेतली आणि नवरीलाही घेतले. २१ मे १६६२ रोजी पोर्टस्मथला लग्न लागले. एकदा गुपचूप कॅथलिक पद्धतीने, मग चारचौघांत इंग्रजी चर्चच्या पद्धतीने. राजाने मंत्र्याला कळवले की मुलगी सुंदर म्हणता येणार नाही, परंतु डोळे फार छान आहेत. हिने आपल्याबरोबर चहाची सवय नेली आणि दरबारातल्या बायकांनी ती उचलली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यावर जास्त शाई खर्च करीत नाही.

खरी गोष्ट आहे ती पुढच्या दोन महिन्यांतली. राजाची बार्बरा नावाची एक ठेवलेली बाई होती, लेडी कॅसलमेन. लग्न झाले त्याच सुमारास तिला राजापासून मूल झाले. राजाने राणीच्या खास दासींची यादी केली, तीत बार्बराचे नाव पहिले. राणीला हे नाव आईने आधीच सांगून ठेवले होते, आणि या बाईला दारात उभी करू नकोस असेही बजावले होते. राणीने ते नाव खोडले. मग एके दिवशी हॅम्प्टन कोर्टच्या वाड्यात भरल्या दरबारात राजाने स्वतः एका बाईचा हात धरून तिला राणीपुढे आणले. राणीला नाव नीट ऐकू आले नाही. तिने रीतीप्रमाणे हात पुढे केला. कोणीतरी कानाशी सांगितले. राणीचा चेहरा पांढराफटक पडला, नाकातून रक्त वाहू लागले आणि ती जागच्या जागी कोसळली. तिला उचलून नेले. राजाला दुःख झाले नाही, राग आला. चारचौघांत आपली शोभा झाली म्हणून! त्याने क्लॅरेंडन या म्हाताऱ्या मंत्र्याला राणीची समजूत घालायला धाडले. क्लॅरेंडनला स्वतःला हा प्रकार पसंत नव्हता, तरी गेला. राणी म्हणाली, मी माहेरी परत जाते. तेव्हा तिला सांगण्यात आले की तो आता तुमच्या हातचा मामला नाही. तिच्या माहेरच्या पाठराखणींपैकी बहुतेकींना परत जहाजावर चढवले. भाषा येत नाही, माणूस नाही, हुंडा अर्धा राहिलेला. काही आठवड्यांनी ती नमली. नुसती नमली नाही, तर बार्बराशी हसून बोलू लागली. दरबाराला वाटले, बरे झाले, निवळले. क्लॅरेंडनने मात्र नोंदवून ठेवले आहे की इतक्या ताठपणाने लढल्यानंतर अशी एकाएकी माघार घेतल्याने तिची किंमत कमी झाली. पुरुषांचा हा न्याय मला कधीच समजलेला नाही.

आणि त्याच वेळी इकडे हुंड्याची वस्तू ताब्यात घेण्यासाठी इंग्रजांचे आरमार निघाले होते. लंडनला मुंबई कुठे आहे याचाच पत्ता नव्हता. ती ब्राझीलच्या जवळ आहे अशी खुद्द क्लॅरेंडनची समजूत होती असे सांगतात. सर अब्राहम शिपमन चारशे शिपाई घेऊन १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईसमोर येऊन उभा राहिला. पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय मेलो ए कास्त्रो म्हणाला, कागदपत्र बरोबर नाहीत. शिवाय वाद असा की इंग्रज म्हणत, मुंबईबरोबर ठाणे आणि साष्टीही आमची; पोर्तुगीज म्हणत, यादीत फक्त बेट लिहिले आहे, जास्त काही मिळायचे नाही. आमचे मुलुंड-अंधेरी हे असे मांडवात भांडणाचे कारण झाले होते! शिपमनला उतरायला जागा मिळेना. तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावर छावणी ठोकून राहिला. तिथे तापाने आणि उपासमारीने माणसे पटापट मेली. १६६४ च्या एप्रिलात शिपमनही गेला. सुरतेवर शिवाजी महाराजांची पहिली स्वारी झाली तीही त्याच वर्षी, जानेवारीत. अंजदीवहून शेवटी शंभराच्या आसपास माणसे जिवंत निघाली आणि शिपमनचा चिटणीस हम्फ्रे कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई ताब्यात घेतली. बेटावर चालून, हातात माती आणि दगड उचलून, भिंतींना हात लावून. व्हाइसरॉयने आपल्या राजाला आधीच लिहिले होते की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातचा गेला म्हणून समजावे. सबंध प्रकरणात नकाशा समजलेला गृहस्थ तो एकच.

हा ताबा दिला गेला तो कोणाच्या घरात? एका विधवा बाईच्या. दोना इग्नेस द मिरांदा तिचे नाव. मुंबई बेटाची जहागीर तिची, आणि पोर्तुगीज तिला ‘बेटाची मालकीण’ म्हणत. त्या ताब्याच्या कागदात एक कलम आहे की या बाईची मालमत्ता तिच्या राजीखुशीवाचून कोणी काढून घेऊ नये. तिकडे राणीच्या नावाचे बेट राणीचे नव्हते आणि इकडे जिचे होते तिच्या दिवाणखान्यात बसून दोन देशांचे पुरुष त्याची देवघेव करीत होते.

राजाला मात्र मुंबईचा खर्च परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्यात भरण्याच्या बोलीवर देऊन टाकली. टँजियर तर १६८४ साली स्वतःच्याच हाताने तटबंदी उडवून देऊन इंग्रज सोडून गेले. हुंड्यातला मोठा दागिना कोणता आणि खोटा कोणता, हे त्या वेळी कोणालाच कळले नव्हते.

साष्टीत पोर्तुगीज राहिले. बोरिवलीला मंडपेश्वराच्या लेण्यांवर त्यांच्या मठाचे पडके अवशेष आहेत. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी अवश्य जाऊन यावे. शंकराच्या लेण्याचे त्यांनी प्रार्थनामंदिर केले होते, आणि आता तिथे पुन्हा घंटा वाजते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई सर केली. म्हणजे मुंबईवर इंग्रजांचे निशाण असताना सदतीस वर्षे आम्ही मराठ्यांच्या राज्यात होतो. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले तोपर्यंत. आमच्या उपनगरांतले ख्रिस्ती शेजारी, मरोळ-कुर्ल्याच्या गावठाणांतले, घरात मराठीच बोलतात. त्यांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी. राण्यांनी आमचा पिच्छा काही सोडलेला नाही.

कॅथरिनचे पुढे काय झाले? मूल झाले नाही. गर्भ राहिले, टिकले नाहीत. १६६३ च्या शरद ऋतूत ती मरणाच्या दारी होती. तापाच्या भरात तिला वाटे की आपल्याला मुले झाली आहेत, आणि ती विचारी, मुले कशी आहेत? उशाशी बसलेल्या राजाने, बरी आहेत, म्हणून सांगितले. त्या माणसाची दहाबारा मुले दरबारात बागडत होती, एकही हिचे नाही. मंत्र्यांनी सोडचिठ्ठी द्या म्हणून राजाच्या मागे टुमणे लावले. इथे मात्र तो बधला नाही. १६७८ साली टायटस ओट्स नावाच्या लबाडाने राणी राजाला विष घालणार होती असा आरोप केला. पुढे लोकसभेत तिला हाकलण्याची मागणी झाली. राजा तिच्या बाजूने उभा राहिला. बाहेरख्याली पण टाकून न देणारा नवरा, याला चांगला म्हणावे की वाईट, यावर आमच्या स्टाफरूममध्ये एकमत होऊ शकलेले नाही. माझे मत विचाराल तर, टाकली नाही हा उपकार नव्हे. १६८५ च्या फेब्रुवारीत राजा गेला तेव्हा तिने निरोप पाठवला होता की काही चुकले असेल तर क्षमा असावी. त्यावर तो म्हणाला म्हणे, क्षमा तिने नव्हे, मी मागायची.

गेल्या वर्षी एम. ए. च्या वर्गात देवलांचे ‘संगीत शारदा’ शिकवीत होते. तिथे बाप पैसा घेऊन मुलगी देतो, इथे पैसा देऊन; म्हणून ओघात ही सारी हकीकत सांगितली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण तिला कोणी विचारलं होतं का?” मी म्हटले, तहाखाली सह्या तिच्या नाहीत. मुलगी गप्प बसली. दिवाळीनंतर तिचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांना हुंडा अगदी नको होता. फक्त ठाण्याला ब्लॉक घ्यायचा होता त्याच्या पहिल्या हप्त्यात ‘दोघांच्याच सोयीसाठी’ हातभार हवा होता. बैठकीत ही उठून म्हणाली की ब्लॉक कोणाच्या नावावर असेल तेवढे आधी सांगा. बैठक मोडली. वडील दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “तुम्ही मुलींना काय शिकवता, बाई?” मी चहा केला. दुसरे काय करणार? मुलगी आता एका शाळेत शिकवते, आणि मला रस्त्यात भेटली की हसते. लग्न अजून व्हायचे आहे. आईची काळजी खोटी नाही, हेही मला कळते.

राजा गेल्यावर कॅथरिन काही वर्षे इंग्लंडातच राहिली. १६९२ साली ती निघाली आणि तीस वर्षांनी माहेरी परत आली. आई केव्हाच वारली होती. गादीवर धाकटा भाऊ होता. आयुष्यभर मिंधी, गप्प आणि भाविक म्हणून ओळखलेली ही बाई साठी उलटल्यावर त्या भावाच्या आजारपणात पोर्तुगालचा कारभार पाहू लागली. १७०४-०५ मध्ये राज्याची सूत्रे तिच्या हाती होती आणि स्पेनशी लढाई चालू होती. तिच्या कारकिर्दीत पोर्तुगिजांची त्या आघाडीवर सरशीही झाली. आईचे रक्त, दुसरे काय! नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे तिशीतली ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होती. येसूबाई मोगलांच्या कैदेत होती; १६८९ ला रायगड पडल्यावर गेली ती १७१९ मध्ये सुटली, म्हणजे जवळजवळ कॅथरिनच्या सासरवासाइतकीच वर्षे. येसूबाईंच्याही लग्नात राजकारण होते: शिर्क्यांची मुलगी भोसल्यांकडे आणि भोसल्यांची शिर्क्यांकडे. साटेलोटे. ३१ डिसेंबर १७०५ ला कॅथरिन लिस्बनमध्ये वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही.

तिच्या हुंड्याने पाडलेली ती हद्द बुजवायला मात्र बराच काळ लागला. शीवची वाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधून झाली. पश्चिमेला माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये होड्या चालत आणि पावसाळ्यात माणसे बुडत. सरकारने पैसा नाही म्हणून हात झाडले. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये पूल खुला झाला. पैसा देताना बाईंनी एक अट घातली होती. पुलावरून जाणाऱ्या कोणाकडूनही पट्टी घ्यायची नाही.